ठाणे-ऐरोली लोकलमध्ये एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी जोडणी) तुटतं आणि चालू काम मरतं, काय करावं?

आधी टीमक्स (सर्व्हरवरचं सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्राम) लावा, बाकीचं नंतर. मीही ठाण्याहून ऐरोलीला हॉटस्पॉटवरच काम करत जायचो. एकदा अर्ध्यावर आलेलं डेटाबेस मायग्रेशन दिघ्याच्या आसपास नेटवर्कसोबत गेलं आणि पुढचा अख्खा दिवस ते निस्तरण्यात गेला. तेव्हापासून सर्व्हरवर शिरलो की पहिली कमांड ठरलेली: टीमक्स न्यू, मग -ए (कॅपिटल), मग -एस (स्मॉल) आणि सेशनचं नाव. त्या नावाचं सेशन असेल तर त्यातच नेऊन सोडतं, नसेल तर नवं उघडतं. ही कमांड एलियास करून (म्हणजे तिला छोटं नाव देऊन) सर्व्हरवरच्या बॅशआरसीत, म्हणजे शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, टाका, रोज कोण टाइप करणार! कनेक्शन गेलं तरी काम सर्व्हरवर चालूच राहतं. स्वतःहून बाहेर पडायचं तर कंट्रोल-बी, मग डी.

दुसरं, लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 30 ठेवा, म्हणजे 30 सेकंद सर्व्हरकडून काही आलं नाही की लॅपटॉप त्याला हाक मारतो. मुळात ते 0, म्हणजे बंद असतं. सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स (किती हाका वाया गेल्या की सोडून द्यायचं) न सांगता 3 असतो, म्हणजे उत्तर आलं नाही तर साधारण 90 सेकंदांत टर्मिनल सुटतं. गोठलेल्या स्क्रीनकडे बघत बसावं लागत नाही. पण यानं तुटलेलं जोडलं जात नाही हं, फक्त निवांत पडलेलं कनेक्शन मधला राउटर कापत नाही.

मॉश (एसएसएचसारखाच, पण तुटक नेटवर्कसाठी बनवलेला प्रोग्राम) यापेक्षा भारी, आयपी बदलला तरी टिकतं. पण त्याला यूडीपीचे 60000 ते 61000 मधले पोर्ट लागतात आणि ऑफिसची फायरवॉल ते सहसा उघडून देत नाही. मी तो नाद सोडला.