आजीचं पोर्ट्रेट काढायला घेतलंयस ना, मग आधी शेडिंग विसर

चित्र पाहिलं, हात चांगला आहे तुझा. पण डोळे खूप वर गेलेत. सगळ्यांचंच सुरुवातीला असं होतं, कारण आपण कपाळ आणि डोकं कमी धरतो. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलंस तर डोळे जवळपास मधोमध येतात, केस धरून हां. एकदा आरशात स्वतःचंच मोजून बघ.

आधी एचबीने, म्हणजे मध्यम कडक पेन्सिलने, अगदी हलक्या रेषा मार, चित्र उलटं करून बघ, चुका लगेच दिसतात, आणि सगळं जागेवर बसल्याशिवाय शेडिंगला हातच लावू नकोस, नाहीतर सुंदर रंगवलेला डोळा नंतर खोडावा लागतो आणि तेव्हा खरंच जीवावर येतं.

शेडिंग बोटाने घासणं बंद कर प्लीज. हाताचं तेल कागदाला लागतं, मग डाग पडतात. तळहाताखाली कोरा कागद ठेव.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा सोडू नकोस, तो गोळा आहे, वरच्या पापणीची सावली पडते त्याच्यावर. कोरा कागद फक्त बुबुळातल्या चमकेसाठी ठेव. आजीच्या सुरकुत्यासुद्धा रेषा म्हणून काढू नकोस, प्रत्येक सुरकुतीला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते, ती दाखवलीस की कातडी मऊ दिसते.

काळ्यासाठी ४बी, ६बी अशा मऊ, गडद पेन्सिली घे, २बी दाबून काळं होत नाही, नुसतं चमकतं. आणि बघून काढायला आजीचा फोटो फ्लॅशचा नको, खिडकीशी बसवून काढलेला घे.