वाचकांचे प्रश्न : मांजर ट्रेकडे पाठ फिरवते तेव्हा

या खेपेला आलेली बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत. घरातल्या घरात वाढलेले, मातीच्या ट्रेची चांगली सवय असलेले मांजर एकाएकी गादीवर, पायपुसण्यावर किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात लघवी करू लागते आणि घरच्यांना कारण उमगत नाही. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. सर्वांत शेवटी पोचलेले पत्र मी पहिल्याने घेते, कारण त्यात सांगितलेली चूक जिवावर बेतणारी आहे आणि ती बऱ्याच घरांतून होते.

प्रश्न : आमचा बोका चार वर्षांचा असून त्याचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले आहे. गेल्या महिन्यात तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसे, जोर करी, बारीक आवाजात ओरडे आणि काही न होता बाहेर येऊन न्हाणीत बसे. शी अडकली असावी असे समजून आम्ही दोन दिवस एरंडेल पाजले. तिसऱ्या दिवशी त्याने खाणे सोडले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा दवाखाना गाठला. लघवीचा मार्ग बंद झाला होता. भूल देऊन नळी घालावी लागली; आता तो बरा आहे. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपला बोका वाचला याचा आनंद आहे, परंतु तो थोडक्यात वाचला हेही सांगितले पाहिजे. बोक्याचा मूत्रमार्ग भाटीच्या मानाने लांब आणि टोकाशी फारच अरुंद असतो. मूत्राशयाच्या अस्तरातून सुटलेला चिकट द्रव आणि लघवीतले बारीक खडे यांचे बूच त्यात बसले की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्रपिंडे काम करेनाशी होतात, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. हे सारे एक-दोन दिवसांत घडते. म्हणून बोका ट्रेमध्ये बसून जोर करत असेल आणि खाली ओली माती दिसत नसेल, तर बद्धकोष्ठाचा विचार नंतर करावा. रात्र असो वा रविवार, त्याला त्याच वेळी पशुवैद्यकाकडे न्यावे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. माणसांची वेदनाशामक औषधेही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

एकदा अडकलेल्या बोक्याला हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता राहते, म्हणून पुढची काळजी जन्मभराची समजावी. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. त्यामुळे त्याला तहान कमी लागते आणि त्याची लघवी मुळातच दाट असते. कोरड्या खाद्यात पाणी सुमारे 10 टक्के, तर डब्यातल्या किंवा पाकिटातल्या ओल्या खाद्यात 75 ते 80 टक्के असते. एवढ्या एका फरकाने लघवी पातळ होते, म्हणून निदान एक वेळचे खाणे ओले करावे. घरी उकडलेल्या चिकनचे पाणी देण्यास हरकत नाही, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण नको. आपल्या पांढऱ्या रश्श्यातला चमचाभर तर मुळीच नको. पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून दूर ठेवावीत. खड्यांची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल जपून ठेवा. स्ट्रुव्हाइट प्रकारचे खडे विशिष्ट खाद्याने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. त्यामुळे शेजारच्या बोक्याला लागू पडलेले खाद्य आपल्या बोक्याला चालेलच असे नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. गोळे होणारी माती वापरत असाल तर रोज साफ करताना गोळे मोजा. निरोगी मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. गोळे एकदम लहान आणि पुष्कळ झाले, किंवा एकही सापडला नाही, तर ओकाऱ्यांची वाट पाहू नये.

प्रश्न : जूनमध्ये आम्ही शिवाजी पेठेतील जुन्या घरातून ताराबाई पार्कातील चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. आमची मांजरी तीन वर्षांची आहे, तिचे ऑपरेशन झाले आहे. जुन्या घरी तिच्यासाठी परड्यालगत नदीच्या वाळूचे घमेले होते आणि ती कधी चुकली नाही. येथे आल्यावर नवा झाकणाचा बॉक्स आणि सुगंधी लिटर (ट्रेमध्ये घालायची विकतची माती) आणले आणि तो ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवला. आठवडाभर तिने तो वापरला. नंतर मात्र आधी मुलाच्या गादीवर, मग आमच्या आणि आता सोफ्यावर लघवी करते. ओरडून पाहिले, नाक घासून पाहिले, जागा फिनेलने पुसतो, तरी तीच जागा. सासूबाई म्हणतात, घर सोडायला लावले म्हणून तिने डूख धरला आहे. हे खरे असेल का?
— एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे मला अर्धे पटते. घर बदलल्याचा आणि या लघवीचा संबंध आहे. डूख धरल्याचा मात्र नाही. आपली गादी खराब झाली म्हणजे आपल्याला त्रास होईल, असा हिशेब मांजर मांडत नाही. तिने गादी निवडली ती मऊ, शोषून घेणारी आणि घरच्यांच्या वासाची आहे म्हणून. अनोळखी घरात ओळखीचा वास तिला तेवढा एकच सापडला असणार.

पहिले काम लघवी तपासण्याचे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका मांजरीला न तपासता फक्त माती बदलायला सांगितली होती आणि महिनाभराने तिच्या मूत्राशयात खडा निघाला. तेव्हापासून हा क्रम मी मोडत नाही. तरुण मांजरांत पुष्कळदा लघवीत जंतू सापडत नाहीत, खडेही सापडत नाहीत, तरी मूत्राशयाला सूज असते आणि ती ताणाने बळावते. मग लघवी करताना दुखते, दुखणे ट्रेमध्ये झाले म्हणून मांजर ट्रेलाच दोष देते आणि दुसरी जागा शोधते. जंतू सापडले नसतील तर अँटिबायोटिकचा आग्रह आपण धरू नये. मांजर वयस्क असते तर मी रक्ततपासणीही सांगितली असती, कारण त्या वयात मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि सांधेदुखी हीही कारणे असतात.

तपासणीत काही निघाले नाही, तर मग ट्रेचा विचार. आपण एकाच आठवड्यात तिचे घर, माती, भांडे आणि जागा या चारही गोष्टी बदललेल्या आहेत. त्यांतील सुगंधी लिटर प्रथम काढून टाका. तो सुगंध माणसांच्या नाकासाठी घातलेला असतो. झाकणाच्या बॉक्समध्ये तो आणखी कोंडतो. मांजरांना बहुधा बारीक, वाळूसारखी, बिनवासाची माती आवडते. पूर्वी आपल्याकडे घमेल्यात वाळू किंवा चुलीतली राख असे, आणि अमेरिकेतही 1947 मध्ये एडवर्ड लो यांनी मांजरांसाठी चिकणमातीचे दाणे विकायला सुरुवात करण्यापूर्वी राख-वाळूच वापरात होती. आपण नदीची वाळू पुन्हा आणा. एका ट्रेमध्ये ती आणि दुसऱ्यात बिनवासाची बेंटोनाइटची (ओली झाली की गोळे होणारी) माती अशी दोन इंच थराने घाला आणि मांजरी कोठे जाते ते दोन आठवडे पाहा. बेंटोनाइट पसंत पडले तर वाळूत त्याचे प्रमाण हळूहळू वाढवता येईल. आषाढ-श्रावणातल्या आपल्या दमट हवेत मातीचे उघडे पोते ओल धरते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

झाकण काढा. ट्रेची लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी. दुकानातले बरेच ट्रे त्याहून लहान असतात. कपडे ठेवण्याचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेऊन एक बाजू खाली कापली तरी काम भागते. वॉशिंग मशीनशेजारची जागा सोडा. ती आत असताना एकदा जरी मशीनने जोरात फिरकी घेतली असेल, तर ती तेथे पुन्हा न जाण्यात आश्चर्य नाही. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे अधिक हा हिशेब धरावा आणि दोन्ही ट्रे शेजारी-शेजारी ठेवू नयेत, नाहीतर मांजर त्यांना एकच समजते. फ्लॅटमध्ये दुसऱ्या ट्रेला जागा कोठून आणायची हा प्रश्न मला ठाऊक आहे. पण आत्ता तिने सोफा ही जागा स्वतः ठरवलेली आहे, तेव्हा दुसरा ट्रे काही महिने दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सोसावा.

फिनेल आजच बंद करा. त्याने आपल्याला वास येईनासा होतो, मांजरीला येतच राहतो. शिवाय फिनेल आणि डेटॉलसारख्या जंतुनाशकांतील फिनॉल वर्गातली द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. पंजे चाटता चाटता ती पोटात जातात. अमोनिया असलेली द्रव्येही नकोत, त्यांचा वास लघवीशी जुळतो. डाग कोरड्या कापडाने टिपून घ्यावा, साध्या पाण्याने पुसावा आणि मग एन्झाइम असलेले क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत मुरू द्यावे. न दिसणारे डाग अतिनील प्रकाशाच्या छोट्या बॅटरीखाली अंधारात उजळून दिसतात. कापसाच्या गादीत लघवी आतपर्यंत उतरते आणि पावसाळ्यात ती वाळत नाही, म्हणून भिजलेला कापूस काढून ती पुन्हा भरून घ्यावी आणि वर रेक्झिनचे आवरण घालावे. सोफ्याच्या त्या जागेवर, नीट साफ केल्यानंतर, तिची खाण्याची ताटली ठेवून पाहा; जेथे जेवते तेथे मांजर सहसा लघवी करत नाही.

ओरडणे आणि नाक घासणे यांतून ती एवढेच शिकते की आपल्यासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ती कपाटामागे जाते आणि आपले काम वाढते. त्यापेक्षा एक लहान खोली तिला आठ-दहा दिवस द्या. एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणे-पाणी आणि मध्ये जुन्या घरातली एखादी न धुतलेली वाकळ. ती वाकळ धुण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तेथे ट्रे नियमित वापरू लागली की दार थोडे थोडे उघडत जावे. महिनाभर लागू शकतो.

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचे दोन बोके आहेत, ऑपरेशन केलेले नाही. ट्रे वापरतात, तरी दारावर, पडद्यावर आणि स्कूटरवर फवारे मारतात.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हा प्रकार वेगळा आहे आणि ट्रे बदलून तो थांबणार नाही. उभे राहून, शेपूट ताठ करून थरथरवत, उभ्या पृष्ठभागावर थोडीशी लघवी उडवणे म्हणजे हद्दीची खूण करणे. दोघांचीही नसबंदी करून घ्या. साधारणपणे दहांतील नऊ बोक्यांत ही सवय सुटते किंवा खूपच कमी होते, फक्त काही आठवडे धीर धरावा लागतो. ऑपरेशन पाच-सहा महिन्यांच्या वयात झाले असते तर बहुधा ही सवय लागलीच नसती. आवारातली भटकी मांजरे खिडकीतून दिसत असतील तर काचेचा खालचा भाग कागदाने झाकावा.

प्रश्न : सून गरोदर आहे. ट्रे तीच साफ करत असे. आता मांजराच्या विष्ठेतून बाळाला अपाय होतो असे ऐकल्यापासून ट्रेला कोणीच हात लावत नाही. आठवड्यातून एकदा कामवाल्या मावशी तो ओततात. मांजर आता न्हाणीघरात जाऊ लागले आहे. नातेवाईक म्हणतात, ते कोणाला तरी देऊन टाका.
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : मांजर न्हाणीघरात का जाते याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. आठवडाभर न काढलेल्या घाणीत आपणही पाऊल ठेवले नसते.

भीती मात्र निराधार नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडू शकतो आणि गरोदरपणात त्याचा पहिल्यांदाच संसर्ग झाला तर गर्भाला धोका असतो. परंतु मांजर तो बहुधा पहिल्या संसर्गानंतरचे काही आठवडेच बाहेर टाकते, आणि ताज्या विष्ठेतील बीजे संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे आठवड्याने ट्रे ओतण्याची सध्याची पद्धतच सर्वांत वाईट आहे, आणि तो धोका मावशींच्या माथी आहे. ट्रे रोज साफ झाला पाहिजे. तो सुनेने नव्हे, तर मुलाने किंवा आपण हातमोजे घालून साफ करावा आणि मग साबणाने हात धुवावेत. मांजराला कच्चे मांस देऊ नये आणि बाहेर शिकारीला सोडू नये. सुनेने कच्चे मटण हाताळणे, अर्धे शिजलेले मांस खाणे, न धुतलेली भाजी खाणे आणि कुंड्यांतली माती उघड्या हातांनी उकरणे टाळावे. घरातच राहणाऱ्या मांजरापेक्षा या वाटांनी संसर्ग होण्याची शक्यता अधिक असते. तिची रक्ततपासणी करायची की नाही ते तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

मांजर देऊन टाकण्याची गरज मला दिसत नाही. ट्रे आज गरम पाण्याने आणि साध्या साबणाने घासून, वाळवून नव्या मातीने भरा, आणि न्हाणीघराचे दार काही दिवस लावून ठेवा.