नॅस्करमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कार शर्यतींच्या मालिकेत, वर्षभर चांगली गाडी चालवणारा शेवटी चॅम्पियन का ठरत नसे?

कारण 2014 ते 2025 या काळात अख्खा हंगाम शेवटच्या एका शर्यतीवर टांगलेला असायचा. 26 शर्यतींनंतर 16 ड्रायव्हर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांमध्ये, जात, दर तीन शर्यतींनी चौघांची गच्छंती होई, आणि अखेरच्या शर्यतीत उरलेल्या चौघांत जो पुढे, तो विजेता.

2025 ची अमेरिकेतल्या फिनिक्सच्या ट्रॅकवरची अंतिम शर्यत घ्या. अंतिम चौघांतला डेनी हॅमलिन 208 लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) आघाडीवर होता. जेमतेम तीन लॅप उरलेले असताना विल्यम बायरनचा टायर गेला आणि पिवळा झेंडा आला, म्हणजे सगळ्या गाड्यांना वेग कमी करून पुन्हा जवळ यावं लागलं. पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून टायर बदलायच्या जागी, हॅमलिनने चारही टायर बदलले, चौघांतल्याच काइल लार्सनने दोनच, म्हणून तो लवकर बाहेर पडला. त्या काही सेकंदांत खेळ पालटला. एकही लॅप आघाडीवर नसलेला लार्सन तिसरा आला आणि चॅम्पियन झाला, हॅमलिन सहावा. आयपीएलमध्येही गुणतक्त्यात पहिला संघ फायनल हरतो म्हणा, पण तिथे मैदानात दोनच संघ असतात. इथे बाकीच्या तीसेक गाड्याही मध्ये येतात.

गंमत म्हणजे सगळं सुरू झालं उलट तक्रारीतून. 2003 मध्ये मॅट केन्सेथ फक्त एक शर्यत जिंकून, वर्षभराच्या गुणांवर विजेता झाला, रायन न्यूमनने आठ जिंकल्या होत्या. म्हणून 2004 मध्ये ‘चेस’ आला, म्हणजे शेवटच्या दहा शर्यतींत विजेतेपदाची वेगळी लढत.

वेळापत्रकही निर्दोष नव्हतं. 2020 पासून सलग सहा वर्षं अंतिम शर्यत फिनिक्सलाच. त्यातली 2022, 23, 24 ही तिन्ही विजेतेपदं पेन्स्के या एकाच संघाच्या ड्रायव्हरांकडे गेली. हा निव्वळ योगायोग मला तरी वाटत नाही.

2026 पासून गच्छंती बंद, शेवटच्या दहा शर्यतींचे गुण मोजायचे.