समुपदेशन केंद्रातली उमेदवारी: वाचकांचे प्रश्न

एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष काम, करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: जुलैपासून समुपदेशन केंद्रात प्लेसमेंट मिळते आहे. अभ्यासक्रमासाठी प्रत्यक्ष समुपदेशनाचे १०० तास भरायचे आहेत. होकार देण्याआधी काय विचारून घेऊ? (पुणे)

सर्वांत आधी विचारा, सुपरवायझर कोण आणि ते कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत केंद्रात असतात. "मॅडम फोनवर असतातच" हे उत्तर पुरेसं नाही. तुम्ही खोलीत विद्यार्थ्याबरोबर बसलेले असताना त्याच इमारतीत एक अनुभवी माणूस हवा. तो नसेल त्या वेळी केस घेणार नाही, असं लेखी ठरवून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तेव्हा एखादं नवं केंद्र फक्त प्रशिक्षणार्थ्यांच्या भरवशावर चालणार असेल, तर तिथे जाऊ नका. त्यात तुमचंही नुकसान आहे आणि तिथे येणाऱ्या मुलांचंही.

मग तासांचा हिशोब. आठवड्याला ४ केसेस म्हणजे २५ आठवड्यांत १००, असं कागदावर दिसतं, पण प्रत्यक्षात तसं होत नाही. जुलै ते मार्चमधून गणपती, दिवाळीची सुट्टी, दोन सत्रपरीक्षा आणि सुरुवातीचे निरीक्षणाचे तीन आठवडे वजा केले, तर साधारण २६ आठवडे हातात राहतात. चारातला एक जण येणार नाही असं धरून चला. २६ गुणिले ३, म्हणजे ७८. न आलेल्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ तासांत धरत नाहीत. म्हणून पहिला महिना दोनच केसेस घ्या, पण सप्टेंबरच्या अखेरीपासून आठवड्याला पाच-सहा जणांसाठी वेळ राखून ठेवायला सांगा. एका दिवसात तीनपेक्षा जास्त नकोत. चौथ्या विद्यार्थ्यासमोर तुम्ही नुसते बसलेले असता आणि त्याला ते कळतं.

आठवड्याला एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन, म्हणजे तुमच्या केसेसवर सुपरवायझरबरोबर बोलायचा वेळ, मिळणार का, हेही विचारा. गटातलं सुपरव्हिजन उपयोगी असतं, पण सहा जणांच्या गटात तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. आणि आपल्याच विभागातले, आपल्याच वसतिगृहातले विद्यार्थी आपल्याकडे देऊ नका, हे आधीच सांगून ठेवा. मेसमध्ये रोज समोर बसणारी मुलगी तुमच्यापुढे मोकळेपणाने रडू शकत नाही.

प्रश्न: पहिल्या भेटीत "मी अजून शिकते आहे" असं सांगितलं तर विद्यार्थी विश्वास ठेवतील का? आणि 'तू' म्हणावं की 'तुम्ही'? (कोल्हापूर)

सांगायलाच हवं. समोरच्याला ते माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. मात्र माफी मागितल्यासारखं सांगू नका. साधं असं म्हणा: "मी इथे प्रशिक्षणार्थी समुपदेशक आहे. दर आठवड्याला माझ्या सुपरवायझरबरोबर माझ्या कामाबद्दल बोलते, तेव्हा तुमचं नाव घेत नाही. आपल्याकडे ५० मिनिटं आहेत. तुम्ही जे बोलाल ते इथेच राहील. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला सुपरवायझरना सांगावं लागेल आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच मी ते करेन. अनुभवी समुपदेशकच हवे असतील तर तसं सांगा, काही हरकत नाही." याला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर संमतीपत्रावर सही. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवा आणि "यातलं काय विचारावंसं वाटतंय?" असं विचारून थोडं थांबा. "कळलं ना?" म्हटलं की सगळे हो म्हणतात.

वय जरूर पाहा. प्रथम वर्षाला १७ वर्षांची मुलंही असतात. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे गोपनीयतेचं कारण चालत नाही. ही मर्यादा त्या मुलाला आधीच, बोलणं सुरू होण्यापूर्वी सांगितलेली असावी. तसं काही कळलं तर त्याच दिवशी सुपरवायझरकडे जा, उद्यावर ढकलू नका.

सुरुवात 'तुम्ही'ने करा. ती फारच परकी वाटली तर विद्यार्थी स्वतःच "मला तू म्हणा ना" असं म्हणतो. तुम्हाला तो 'ताई', 'दादा' किंवा 'मॅडम' म्हणेल. त्यातलं काही दुरुस्त करू नका, पण 'ताई' म्हटलं म्हणून ताईपणा करायलाही जाऊ नका. डबा खाल्ला का, घरी फोन केला का, असं विचारू लागलात की समुपदेशन थांबतं.

प्रश्न: मी ऐकते कमी आणि सल्ले जास्त देते, असं सुपरवायझर म्हणतात. मला ते जाणवतं, पण त्या क्षणी थांबता येत नाही. (नाशिक)

ही उमेदवारीतली सर्वांत सर्रास अडचण आहे आणि तिचं मूळ बहुतेक वेळा आपल्या घाबरण्यात असतं. समोरच्याचं दुःख सहन होत नाही, म्हणून आपण ते लवकर मिटवायला जातो.

एक प्रसंग घ्या. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत दुसऱ्यांदा राहिलेला मुलगा म्हणतो, "घरी गेलो की आई काही बोलत नाही. नुसतं ताट वाढते." इथे "मग तुम्ही आईशी मोकळेपणाने बोलून का बघत नाही?" असं विचारलं की तो "हो, बघतो" म्हणेल आणि विषय संपेल. त्याऐवजी त्याचेच शब्द हळू आवाजात परत द्या: "नुसतं ताट वाढते…" आणि थांबा. मनात सातपर्यंत मोजा. बहुतेकदा पुढचं वाक्य येतं: "ओरडली असती तर बरं झालं असतं." सांगायचं होतं ते हेच, आणि ते त्याला स्वतःलाही आत्ताच ऐकू आलेलं असतं.

सवय बदलण्यासाठी लेखी काम करा. सत्र संपलं की लगेच शेवटची दहा मिनिटं आठवून, जसं बोललं गेलं तसं, दोन रकान्यांत लिहा. तुमच्या रकान्यात प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: प्रश्न, सल्ला, दिलासा की प्रतिसाद. प्रश्नांची ओळ लागलेली दिसली, तर ज्या वाक्यानंतर ती सुरू झाली तिथे बोट ठेवा. सुपरव्हिजनला पूर्ण तासाची गोष्ट नेऊ नका, ती पाच मिनिटं न्या. "इथे मला भीती वाटली" एवढं म्हणता आलं तरी तो तास सत्कारणी लागतो.

शब्दांकडेही लक्ष द्या. आपल्याकडे विद्यार्थी "मला नैराश्य आलंय" असं क्वचितच म्हणतात. "डोकं जाम झालंय", "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं", "मन लागत नाही", "जीव नुसता घाबराघुबरा होतो" असं म्हणतात. त्याचं लगेच पुस्तकी भाषांतर करू नका. "हा दगड सकाळी जास्त असतो की रात्री?" असं विचारलं की झोप, भूक, अभ्यास सगळं त्यातून कळत जातं. छातीत धडधडणं, वजन उतरणं, सततचा थकवा अशा तक्रारी असतील तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यायला सांगा. थायरॉइडचा त्रास किंवा रक्तक्षय बोलून बरा होत नाही.

आणि काही वेळा अडचण मनातली नसतेच. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला असतो, मेसचे तीन महिन्यांचे पैसे थकलेले असतात. विद्यार्थी कल्याण विभागात नेमकं कुणाला, कोणत्या खिडकीवर भेटायचं, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

प्रश्न: एखाद्याने "जगावंसं वाटत नाही" असं म्हटलं तर मी एकटीने काय करायचं? (नागपूर)

एकटीने काही करायचंच नाही. ही पहिली गोष्ट.

दुसरी, थेट विचारायचं. "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर शांतपणे पुढे विचारा: किती वेळा येतो, कसं करायचं हे ठरवलंय का, ते साधन हाताशी आहे का, कधी, यापूर्वी प्रयत्न केला होता का, आजवर कशामुळे थांबलात, आत्ता खोलीवर कोण आहे. उपदेश नको. "आईवडिलांचा विचार कर" या वाक्याने अपराधीपणा तेवढा वाढतो.

तिसरी, विद्यार्थी खोलीत असतानाच सुपरवायझरना बोलवा. "मला हे एकटीने सांभाळायचं नाही, म्हणून मॅडमना आत बोलावते" असं सांगून बोलवा. ५० मिनिटं संपली म्हणून त्याला सोडू नका. ठरवलेली पद्धत आणि हाताशी साधन असेल, तर विश्वासातलं माणूस येईपर्यंत किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे नेईपर्यंत त्याला एकटं ठेवायचं नाही.

"मी काही करणार नाही" असं लिहून सही घेण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तिचा भरवसा धरू नका. त्याऐवजी सुरक्षा योजना त्याच्याच शब्दांत एका पानावर लिहा: धोक्याची माझी खूण कोणती, स्वतःला सावरायला मी काय करतो, कुणाजवळ जाऊन बसतो, कुणाला फोन करतो, घातक वस्तू कुणाकडे सोपवतो. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा. तो २४ तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. कागद त्याच्याकडे, प्रत फाइलमध्ये.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेत असाल तर बेरजेआधी नववा, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा प्रश्न वाचा. २७ पैकी एकूण ६ आले म्हणून निर्धास्त होऊन फाइल बंद केली आणि नवव्या प्रश्नावर १ होता, अशी चूक घाईत होते. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही असलं तर त्याच बैठकीत विचारायचं.

"पोलीस केस होईल" या भीतीने मुलं आधीचा प्रयत्न लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि त्यासाठी शिक्षा होत नाही. हे त्यांना सांगा.

प्रश्न: विभागप्रमुखांनी "तो मुलगा काय बोलला, जरा सांग" असं विचारलं. ते माझे परीक्षकही आहेत. (छत्रपती संभाजीनगर)

सांगायचं नाही. तो मुलगा केंद्रात येतो की नाही, हेसुद्धा नाही. गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम २३ मध्ये आहे, आणि संमतीपत्रावर तुम्ही तसा शब्दही दिलेला असतो. तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून वाक्य तयार ठेवा: "सर, केंद्रात कोण येतं याबद्दल मला बोलता येत नाही. आपण माझ्या सुपरवायझरशी बोलाल का?" पुढचं त्यांनी सांभाळायचं असतं. पालकांचा फोन आला तरी हेच. हजेरीसाठी पत्र लागलं तर विद्यार्थ्याच्या लेखी संमतीने, केंद्राच्या सहीने, फक्त तारखा देता येतात.

नोंदी त्याच दिवशी, अर्ध्या पानात आणि सांकेतिक क्रमांकाने लिहा: काय मांडलं, धोका आहे की नाही, काय ठरलं. तुमचे अंदाज त्यात नकोत. फाइलचा फोटो मोबाइलमध्ये काढू नका. प्रबंधासाठी "नाव बदलून" केस वापरायची असेल तर वेगळी लेखी संमती घ्या. गाव, जात, विषय आणि वसतिगृह एवढं दिलं की नाव बदलूनही माणूस ओळखू येतो.

प्रश्न: हे तास भरले की मी 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहू शकते का? (ठाणे)

नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदवी आणि परिषदेकडे नोंदणी लागते. तोपर्यंत दारावरच्या पाटीवर आणि समाजमाध्यमांवर 'प्रशिक्षणार्थी समुपदेशक' एवढंच लिहा.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये समुपदेशनाचा डिप्लोमा करते आहे. इथल्या विद्यापीठातली प्लेसमेंट किती वेगळी असते? (लेस्टर)

गाभा तोच. बीएसीपी या तिथल्या समुपदेशकांच्या संघटनेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाला तिथेही किमान १०० तासांचं सुपरव्हिजनखालचं काम लागतं आणि न आलेल्याचा तास धरत नाहीत. सुरू करण्याआधी डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची, तपासणी आणि बहुतेक ठिकाणी व्यावसायिक विमा लागतो. त्याला वेळ जातो, म्हणून उन्हाळ्यातच अर्ज करा. सत्रं मोजकी, अनेक ठिकाणी सहाच्या आसपास असतात. दर वेळी कोअर-१० हा दहा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात. ४० पैकी ११ किंवा जास्त आले तर त्रास लक्ष देण्याजोगा मानतात. त्यातलाही सहावा प्रश्न जीव देण्याच्या बेताबद्दल आहे, तो आधी पाहा. केंद्रात मराठी विद्यार्थी आला तर मराठीत बोलण्याचा मोह होईल. आधी सुपरवायझरना विचारा, कारण न कळणाऱ्या भाषेतल्या सत्रावर देखरेख कशी करायची हे त्यांनाही ठरवावं लागतं. शिवाय गावातल्या मराठी मंडळात तुमची त्याच्याशी गाठ पडणार का, हेही पाहा.

प्रश्न: एप्रिलमध्ये प्लेसमेंट संपते. एक मुलगी म्हणते, "ताई, तुमचा नंबर द्या, अधूनमधून बोलू." (सोलापूर)

नंबर देऊ नका. रात्री साडेअकराला आलेला तिचा मेसेज तुम्ही सकाळी पाहिलात, तर त्या मधल्या तासांची जबाबदारी कुणाची? केंद्राचा क्रमांक आणि वेळ लिहून द्या.

हा प्रश्न एप्रिलमध्ये आला, म्हणजे शेवटाचं बोलणं उशिरा झालं. संपण्याची तारीख पहिल्या भेटीत सांगायची, मग निदान तीन आठवडे आधी तिची पुन्हा आठवण द्यायची. ती रागावेल, एखादी भेट चुकवेल, किंवा शेवटच्या दहा मिनिटांत अगदी नवी, मोठी गोष्ट सांगेल. ती गोष्ट तिथे उकलत बसू नका. "हे महत्त्वाचं आहे आणि नव्या समुपदेशकांबरोबर यावर बोलायला वेळ मिळेल" असं म्हणा आणि तिला विचारून फाइलमध्ये नोंदवा. ज्यांच्याकडे ती जाणार, त्यांची तिच्याशी शेवटच्या भेटीत पाच मिनिटं ओळख करून द्या. पुढची तारीख आणि वेळ तिच्यासमोरच रजिस्टरमध्ये लिहा.