कॉलर उलटवलेला शर्ट आणि तिसऱ्यांदा नीट

प्रश्न : माझं अमळनेरला कापडाचं दुकान आहे. मुलाला दहावीत ९१ टक्के पडले म्हणून लातूरला ठेवला. नीटमध्ये पहिल्या वर्षी ३१२ आले, रिपीट करून ३४८. तिसऱ्यांदा बस म्हणतोय तर हो नाही, ना नाही. दिवसभर मोबाईलवर घरातल्या वस्तूंचे फोटो काढत बसतो. तेही कसले? माझा जुना शर्ट, आजीचं दंड घातलेलं लुगडं, पट्टा तुटलेली चप्पल, आईचा दोरा बांधलेला चष्मा. फोटोच काढायचे तर निसर्गाचे काढ, म्हटलं. त्याने हे इन्स्टाग्रामवर टाकले. एका पाहुण्याने फोन करून विचारलं, "तुमना पोऱ्या हाई काय करी ऱ्हायना?" मोठ्या मुलीचं जमवायचं चाललंय, लोकांना वाटेल यांच्या घरात खायला नाही. मी अकाउंट बंद करायला लावलं, त्याने मुकाट्याने केलं. हल्ली रात्रभर जागा असतो, जेवायला आमच्यात बसत नाही. आम्ही केलेल्या खर्चाची त्याला जाणीव नाही. नीट पुन्हा द्यायला लावू की फार्मसीला टाकू? आणि हे फोटोचं खूळ कसं काढू? चार फोटो सोबत जोडतोय, म्हणजे तुम्हालाच कळेल.
– एक वडील, अमळनेर

उत्तर :

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या मार्कांचं मला फारसं काही वाटलं नाही. ३१२ आणि ३४८ आणणारी मुलं गावोगावी आहेत, आणि त्यांचं पुढे काही वाईट होत नाही. मला धसका बसला तो एका वाक्याचा. रात्रभर जागा असतो, जेवायला आमच्यात बसत नाही. हे तुम्ही पाहुण्याचा फोन आणि लातूरचा खर्च यांच्या मध्ये, जाता जाता लिहून टाकलंय. खरं तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

अकाउंट त्याने मुकाट्याने बंद केलं, यात तुम्हाला मुलाचं ऐकणं दिसलं. मला ते चांगलं लक्षण वाटत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, दोनदा परीक्षेत मागे राहिलेला. त्याला एक गोष्ट सापडते, तीत तो रमतो, आणि बापाच्या एका शब्दावर ती पुसून टाकताना भांडतसुद्धा नाही. भांडला असता, आदळआपट केली असती तर मी निर्धास्त झाले असते. तो गप्प बसला, ताटावरून उठला आणि रात्री जागू लागला. नीट, फार्मसी, फोटो हे सगळं आठ दिवस बाजूला ठेवा. आधी त्याच्याजवळ बसा. दुकान लवकर बंद करा, पण बसा. झोप का लागत नाही ते विचारा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ शब्दांत विचारा. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात येईल, ही भीती खोटी आहे. उलट विचारलं की मुलं मोकळी होतात. तुम्हाला जमत नसेल तर त्याच्या आईने विचारावं, मामाने विचारावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो त्यालाही द्या आणि तुम्हीही जवळ ठेवा. झोपेचं असंच चालू राहिलं तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि त्यात लपवण्यासारखं काही मानू नका.

आता फोटो. तुम्ही ते पुरावा म्हणून जोडलेत, मी ते बराच वेळ पाहत बसले.

पहिला तुमच्या शर्टाचा. फिकट निळा शर्ट खुंटीला अडकवलेला, उजेड डावीकडच्या खिडकीतून तिरपा येतोय, त्यामुळे कापडाचा ताणाबाणा मोजता यावा इतका स्पष्ट दिसतो. फोटो कॉलरच्या अगदी जवळून घेतलाय. विरलेली बाजू आत गेली आहे आणि धड बाजू बाहेर आली आहे. शिंप्याने कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवली आहे, आणि नवा दोरा जुन्या कापडापेक्षा थोडा गडद पडलाय. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला मी हे काय सांगणार! ज्याच्या दुकानात शर्टपीसच्या थप्प्या लागल्या आहेत, तो स्वतः कॉलर उलटवलेला शर्ट घालून गल्ल्यावर बसतो. का बसतो, हे तुमच्या मुलाला माहीत आहे. लातूरच्या फीचे हप्ते कुठून आले, हे त्याने विचारलं नसेल, पण पाहिलं आहे. तुम्ही लिहिता, त्याला जाणीव नाही. भाऊ, त्या फोटोत जाणिवेशिवाय दुसरं काहीच नाही. तोंडाने त्याला ते सांगता आलं नाही, एवढंच. माझं खोटं वाटत असेल तर फोटो समोर ठेवून त्यालाच विचारा, हाच शर्ट का निवडलास म्हणून.

म्हणून तिसऱ्या नीटचं माझं उत्तर स्पष्ट आहे. त्याने स्वतःहून, कुणी न विचारता, "मला अजून एकदा द्यायची आहे" असं म्हटलं तरच. एका वर्षाच्या कष्टाने ३६ गुण वाढले आहेत. सरकारी एमबीबीएसच्या यादीपर्यंतचं अंतर या चालीने एका वर्षात कापलं जाणार नाही, हे क्लासवाल्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. आणि जो मुलगा तुमचा शर्ट पाहून हप्ते मोजतो, त्याच्या डोक्यावर आणखी एका वर्षाची फी ठेवायला मी सांगणार नाही.

लोकांना काय वाटेल, याबद्दलही बोलते, कारण तुमच्या पत्राचा अर्धा जीव त्यात अडकलाय. आजीच्या लुगड्याला दंड घातलेला दिसला म्हणून जे घर तुमच्या मुलीला नको म्हणेल, त्या घरात मुलगी द्यायचीच कशाला? मधला विरलेला भाग काढून लुगडं पुन्हा जोडणं खानदेशात आपल्या आज्यांनी उभा जन्म केलं. ती टाकाटाक न करणाऱ्या घराची खूण होती.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे आणि ते मुलाने ऐकावं. शर्ट तुमचा, लुगडं आजीचं, चष्मा आईचा. माणूस फोटोत नसला तरी त्याची वस्तू असते, आणि वस्तू पाहून माणूस ओळखू येतो. चारचौघांत मांडण्याआधी ज्याची वस्तू त्याला फोटो दाखवायचा आणि विचारायचं, हा या कामाचा पहिला नियम आहे. आजी नको म्हणाली तर तो फोटो घरातच राहील. पण हा नियम लोकांना दाखवण्यापुरता आहे. त्यावरून फोटो काढणंच बंद करायला लावणं हा अन्याय झाला.

आणि चारही फोटो चांगले आहेत असं मी म्हणत नाही. चपलेचा फोटो फसलाय. पट्ट्याला लावलेली सेफ्टी पिन पुरेशी बोलकी होती, पण त्याने शेजारी पेटती पणती ठेवली आणि वरून पिवळट फिल्टर चढवला. चप्पल बिचारी बाजूलाच राहिली. चष्म्याच्या फोटोत काचेवर खोलीतला ट्यूबलाइट चमकतोय. तो बंद करून, खिडकीच्या उजेडात, चष्म्याच्या दुसऱ्या बाजूला एक पांढरा थर्माकोलचा तुकडा धरून पुन्हा काढायला सांगा.

"फोटोच काढायचे तर निसर्गाचे काढ." हे तुम्ही एकटेच म्हणत नाही, निम्मा महाराष्ट्र म्हणतो. वापरातल्या वस्तू हा फोटोचा विषयच नाही, असा आपला पक्का समज आहे. प्रत्यक्षात फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून वस्तूंचे फोटो काढले गेले. फोटो उमटायला तेव्हा फार वेळ लागे, तेवढा वेळ माणूस हलल्याशिवाय राहत नसे, वस्तू स्थिर राहत. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये लुई डागेरने काढलेल्या सुरुवातीच्या फोटोंपैकी एक प्लास्टरच्या मूर्ती आणि कोपऱ्यातल्या सामानाचा आहे. जपानच्या फोटोग्राफर इशिउची मियाको यांनी आई गेल्यावर तिच्या वापरातल्या वस्तूंचे, अंगावरच्या कपड्यांचे, लिपस्टिकचे फोटो काढले. पुढे २००७ पासून हिरोशिमाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले, अणुबॉम्बमध्ये सापडलेल्या माणसांचे कपडे त्यांनी टिपले. २०१४ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, जो फोटोग्राफीत जगभर मोठा मानतात. इतकं लांब तरी कशाला जायचं! तुमच्याच जिल्ह्यात चाळीसगावला केकी मूस होऊन गेले. १९१२ ते १९८९. टेबलावर घरातल्याच साध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड खेळवून त्यांनी जे फोटो काढले, त्यांनी त्यांचं नाव देशाबाहेर नेलं. आपल्याकडे त्यांना कलामहर्षी म्हणतात. रेल्वे स्टेशनजवळचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. घराबाहेर न पडता काढलेल्या त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. तसं जगायला मी तुमच्या मुलाला सांगत नाही. पण वेळ आधी विचारून घ्या आणि एक दिवस दोघं मिळून जाऊन या. तुम्हीही जा, त्याला एकट्याला पाठवू नका.

पोटापाण्याचं विचाराल, आणि ते विचारायलाच हवं. तुम्ही स्वतः व्हॉट्सॲपवर साड्यांचे फोटो टाकत असाल. वर ट्यूबलाइट, बाजूला पिवळा बल्ब, आणि मोबाईल आपल्या मनाने रंग ठरवतो. गिऱ्हाईक म्हणतं, फोटोत मोरपंखी होती, ही तर हिरवी आली. पांढरं कापड फोटोत राखाडी येतं आणि काळं धुरकट, कारण कॅमेरा सगळ्यालाच मधल्या उजेडाला आणून सोडतो. पांढऱ्याला उजेड वाढवून द्यावा लागतो, काळ्याला कमी करावा लागतो. जरीवर समोरून उजेड टाकला तर काठ नुसता पांढरा चमकतो, बाजूने टाकला तर वेल दिसते. हे ज्याला कळतं त्याला कपड्यांच्या, दागिन्यांच्या, भांड्यांच्या फोटोंचं काम मिळतं. जळगावच्या सराफ बाजारात तयार होणाऱ्या प्रत्येक हाराचा फोटो कुणीतरी काढतंच. मात्र एक कटू गोष्टही सांगते. ऑनलाइन विक्रीसाठी कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढायचे जे साधे फोटो असतात, ते काम आता स्वस्त झालंय आणि त्यातलं बरंचसं एआयने होऊ लागलंय. तेवढ्यावर घर चालवण्याचा बेत धोक्याचा आहे. उजेड समजणारा, कापड समजणारा आणि मांडणी स्वतः ठरवणारा माणूस अजून लागतो. कापड तर तुमच्या मुलाला जन्मापासून समजतंय.

यावरून लगेच त्याला दुकानाच्या कॅटलॉगला जुंपू नका. नव्या साडीची घडी दाखवणं आणि जुन्या शर्टाचं झिजणं दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं त्याने हवं तर करावं आणि त्याचे पैसे त्याला द्यावेत. दुसरं त्याचं त्याला करू द्या.

शिक्षणाची वाट ठरलेली आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, सायन्स वाया गेलं असं समजू नका. राज्याच्या सीईटी सेलची, म्हणजे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कक्षाची, कलेची प्रवेश परीक्षा देऊन उपयोजित कलेच्या बीएफए या चार वर्षांच्या पदवीला जाता येतं, त्यात फोटोग्राफी शिकवतात. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ झालंय, त्याची प्रवेशाची सूचना स्वतंत्रपणे पाहा. निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेत फॅशन कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. या परीक्षांना हाताने चित्र काढावं लागतं, समोर मांडलेल्या वस्तू बघून रेखाटाव्या लागतात. नुसता मोबाईल चालवून तिथे निभाव लागणार नाही. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील तर हात बसलेला असेल, नसेल तर आजपासून पेन्सिल हातात घ्यावी लागेल. ही मेहनत करायची त्याची तयारी आहे का, ते सहा महिन्यांत कळेल.

फार्मसीबद्दल एवढंच की तो चांगला अभ्यासक्रम आहे, पण मुलगा तिथे "टाकायचा" नसतो. त्याला औषधांत रस असेल तर त्यासाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, देईल. ही आणि कलेची अशा दोन्ही परीक्षा एकाच वर्षी देता येतात, म्हणजे लगेच एका दाराला कडी लावण्याची गरज नाही.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. मुलाने मागितलेला नाही, हे मला आवडलं. हातातला मोबाईल, तीनशे-चारशेचा साधा ट्रायपॉड, थर्माकोलचा पांढरा तुकडा आणि घरातली खिडकी, एवढ्यावर वर्षभर शिकता येतं. एकाच वस्तूचा सकाळी, दुपारी, दिवेलागणीला फोटो काढून शेजारी शेजारी ठेवायचे. फिल्टर लावायचा नाही. वस्तूजवळ शोभेचं काही आणून ठेवायचं नाही.

अकाउंटचं त्याच्यावर सोडा. पुन्हा उघडायचं की नाही ते तो ठरवेल. पण ते बंद करायला लावताना तुम्ही चिडला होतात आणि चिडण्याचं कारण पाहुण्याचा फोन होता, फोटो नव्हते, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

आणि यापुढचं पत्र त्याला लिहू द्या. काय शिकायचंय हे तुमच्याकडून ऐकून मी उत्तर दिलं, त्याच्याकडून एक ओळही माझ्यापर्यंत आलेली नाही. सोबत नव्याने काढलेले दहा फोटो पाठवायला सांगा. चष्म्याचा परत काढलेला त्यांत हवा.