मुलाचं व्हिटॅमिन डी १४ आलंय. ते भरून काढलं तर सकाळच्या शिंका थांबतील का?

तुमच्या प्रश्नाचं सार असं: मुलगा सात वर्षांचा, राहणं पुण्यात, उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा आणि नाक बारा महिने चोंदलेलं. लॅबच्या पॅकेजमध्ये डी १४ आलं आणि कुणीतरी सांगितलं, डी भरा, अ‍ॅलर्जी मुळापासून जाईल.

नाही जाणार. डी द्यायचं ते हाडांसाठी द्या, नाकासाठी नाकाचं औषध द्या.

नाकाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत डी कमी सापडल्याचे अभ्यास आहेत, तसे काहीच फरक न सापडल्याचेही आहेत. प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये व्हिटॅमिन डीचे रिसेप्टर (डीला पकडून घेणाऱ्या जागा) असतात, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नाही. काही छोट्या चाचण्यांत नेहमीच्या औषधाच्या जोडीला डी दिल्यावर लक्षणं थोडी जास्त उतरली. पण जोडीला! आणि उलटा हिशोबही करून बघा. जे मूल शाळा, क्लास, मोबाइल यातच अडकलंय, त्याला ऊन मिळत नाही म्हणून डी कमी, आणि गादी-सोफा-पडद्यांतल्या धूळकिड्यांशी दिवसरात्र संगत म्हणून शिंका जास्त. दोन्हींचं कारण एकच, एकामुळे दुसरं नव्हे. आपल्याकडे न शिंकणाऱ्या मुलांचंही डी तपासलंत तर कितीतरी जणांचं कमीच निघेल.

आता तो १४ चा आकडा. लॅबच्या कागदावर तो लाल रंगात येतो, कारण बऱ्याच लॅब २० च्या खाली 'डेफिशिएंट' आणि ३० च्या वर 'पुरेसं' असं छापतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची (आयएपी) मुलांसाठीची पट्टी वेगळी आहे: २० च्या वर पुरेसं, १२ ते २० अपुरं, १२ च्या खाली कमतरता. हे आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरमधले. परदेशातल्या नातेवाइकांच्या रिपोर्टशी तुलना करत असाल तर ब्रिटनसारख्या काही देशांत नॅनोमोल प्रति लीटर असतं; अडीचने गुणा, तुमचे १४ म्हणजे त्यांचे ३५. तपासणी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीचीच झालीय ना, तेही बघा. १,२५-डायहायड्रॉक्सी ही वेगळी तपासणी आहे. डी कमी असतानाही ती नॉर्मल किंवा जास्त येऊ शकते.

म्हणजे तुमचा मुलगा 'अपुरं' या रकान्यात. पाय बाकदार, मनगटं जाड, हाडं दुखणं असं काही नसेल तर रोज ६०० युनिट आणि दूध-दही-नाचणी पोटात जाईल एवढं बघणं, इतकंच बहुतेक वेळा लागतं. मुडदूस (डीच्या कमतरतेने हाडं मऊ पडून वाकणं) असेल तर गोष्ट वेगळी: १ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ३,००० ते ६,००० युनिट, किमान ९० दिवस, सोबत कॅल्शियम. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पुन्हा तपासणी तीन महिन्यांच्या आत करू नका, पैसे फुकट जातात.

खरी भीती पुडीची आहे. डीच्या पावडरची ६०,००० युनिटची पुडी म्हणजे ६०० च्या हिशोबाने मुलाचा शंभर दिवसांचा खुराक. मोठ्यांना ती आठवड्यातून एक अशी लिहून देतात, घरात दोन-चार उरतात, आणि 'याचंही कमीच आहे' म्हणून दुधात ढवळून पोराला जाते. कधी चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून' घरी पोचेपर्यंत 'रोज' होतं. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहजी निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम चढलं की मूल जेवत नाही, ओकतं, शौचाला कडक होते, तहान आणि लघवी वाढते. फार झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठतं. ही लक्षणं पोट बिघडल्यासारखीच दिसतात, म्हणून पुडी दिली असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. थेंबांतही घोळ होतो. एका बाटलीत मिलीलीटरला ४०० युनिट, दुसरीत ८०० असतात. पहिलीतून दीड मिली, दुसरीतून पाऊण. केमिस्टने ब्रँड बदलून दिला की लेबल पुन्हा वाचा.

उन्हाबद्दल आज्यांशी वाद होणार, तरी सांगतो. सकाळी सातचं कोवळं ऊन सुखाचं असतं, पण डी तयार करणारे यूव्ही-बी किरण त्यात नगण्य असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. बंद काचेतून आलेलं ऊन या बाबतीत शून्य.

आणि आता नाक. इथे मला खरोखर चीड येते. माँटेल्युकास्ट-लिव्होसेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या औषधांचं सिरप महिनोन्महिने बिनदिक्कत चालतं, आणि नाकाच्या स्प्रेला मात्र 'नको, स्टिरॉइड आहे' म्हणून नकार! माँटेल्युकास्टमुळे काही मुलांत चिडचिड, भयानक स्वप्नं, आत्महत्येचे विचार दिसल्यावरून २०२० साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि सांगितलं की नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी दुसरं काही चालत नसेल तरच ते वापरा. उलट मोमेटासोन या नाकात मारायच्या स्टिरॉइड स्प्रेमधलं औषध रक्तात एक टक्काही पोचत नाही. २ ते ११ वर्षांसाठी डोस: प्रत्येक नाकपुडीत ५० मायक्रोग्रॅमचा एक फवारा, दिवसातून एकदा.

'स्प्रे वापरून पाहिला, उपयोग नाही' असं म्हणणाऱ्यांनी तो बहुतेक वेळा चुकीचा मारलेला असतो. नवी बाटली असेल तर आधी दहा फवारे हवेत. आठवड्याहून जास्त पडून असेल तर दोन. बाटली हलवा, मुलाला नाक शिंकरायला लावा. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या. टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की रक्त येतं, आणि लोक दोष औषधाला देतात. श्वास हळू घ्यायचा. सुर्रकन ओढला तर औषध घशात जातं, कडू लागतं. शिंका आल्या की मारायचं हे औषध नव्हे, रोज द्यायचं. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, आणि लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. लेबलवर लिहिलेले फवारे संपले की बाटली टाका. त्यातून नंतरही काहीतरी उडतं, पण डोस भरवशाचा नसतो.

स्प्रेआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर उत्तम: पाव लीटर पाण्यात चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट कधीही नाही. अंथरुणाची चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. कासवछाप आणि अगरबत्ती मुलाच्या खोलीतून बाहेर. गणपतीची मखरं माळ्यावरून काढताना त्याला घराबाहेर पाठवा.

राहिलेलं: उंची दर सहा महिन्यांनी मोजा. मोमेटासोनच्या वर्षभराच्या चाचणीत वाढीत फरक दिसला नव्हता, बेक्लोमेथासोन या जुन्या स्टिरॉइड स्प्रेमध्ये दिसला होता. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब पाच दिवसांपुढे नको, नाक उलट जास्त चोंदतं. रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) तपासून घ्या. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती अ‍ॅलर्जी नाही, आत मणी किंवा चिंचोका अडकलाय का ते कान-नाक-घसावाल्यांकडून त्याच दिवशी बघून घ्या.