वेल मलूल दिसली की लगेच पाणी सोडू नका

भाऊ, निफाडात पहिलीच द्राक्षबाग ना? मग हार्मोनच्या बाटल्या तूर्त दुकानातच राहू द्या. पाणी कमी पडलं की वेलीत अ‍ॅब्सिसिक आम्ल हे तिचं स्वतःचंच हार्मोन वाढतं, पानांची छिद्रं मिटतात. पाणी वाचतं, पण वाढ मंदावते. खारट पाण्यानेही तेच होतं: माती ओली, वेल तहानलेली! मी पहिल्या वर्षी इथेच फसलो. पानांच्या कडा करपल्या, मी बोअरचं तेच पाणी वाढवत गेलो, ड्रिपरभोवती क्षारांचा पांढरा थर साचला.

- आधी पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती ते) तपासा.
- ड्रिपरखालची माती मुठीत दाबा, मगच कॉक फिरवा.

ज्यावर कलम करतात तो डॉगरिज जातीचा खुंट क्षार बऱ्यापैकी सोसतो, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. हार्मोनच्या फवारणीचं छाटणीनंतर बोलू.